ड्रायरचा टायमर: दोष ओळखण्याची आणि टायमर बदलण्याची पद्धत

कपडे वाळवण्याचे यंत्र तासन्‌तास फिरत राहिले, अर्ध्यातच गार हवा सोडू लागले किंवा सुरू करण्याचे बटण दाबूनही जागचे हलले नाही, की संशय सर्वप्रथम टायमरवर जातो. हे साहजिकही आहे, कारण यंत्राच्या दर्शनी भागावर फिरणारा आणि हाताला लागणारा भाग तोच असतो. प्रत्यक्षात टायमरच्या माथी मारल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ थर्मल फ्यूज (जास्त उष्णतेने उडणारा फ्यूज), दाराचा स्विच, हीटरची कॉइल किंवा तंतूंनी तुंबलेली हवेची नळी यांपैकी कोठेतरी निघते. टायमर हा या यंत्राच्या महाग सुट्या भागांपैकी एक असून, विजेचे सुटे भाग एकदा वेष्टनातून काढले की बरेच विक्रेते ते परत घेत नाहीत. म्हणून पुढील मजकुराचा मोठा भाग तपासणीला दिला आहे. टायमर बदलण्याचे प्रत्यक्ष काम त्या मानाने सोपे आहे.

येथे विचार केला आहे तो यांत्रिक टायमरचा, म्हणजे ज्याचा नॉब आपण फिरवून ठेवतो आणि जो नंतर स्वतःच हळूहळू सरकत ‘बंद’ खुणेवर येतो, त्याचा. ज्या यंत्रावर आकडे दाखवणारा पडदा आणि स्पर्शाची बटणे असतात, त्यात वेळ मोजण्याचे काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो आणि त्याची दुरुस्ती हा निराळा विषय आहे. काही यंत्रांवर नॉब असतो, पण तो केवळ कार्यक्रम निवडण्यापुरता असतो व यंत्र चालू असताना जागचा हलत नाही. अशा यंत्रांनाही ही पद्धत लागू पडत नाही.

टायमरच्या आत काय चालते

यांत्रिक टायमरच्या पाठीला एक छोटी सिंक्रोनस मोटर बसवलेली असते. तिचा वेग वीजपुरवठ्याच्या वारंवारतेवर ठरतो. ही मोटर गिअरांच्या मालिकेतून चढउतार असलेल्या चकत्यांचा, म्हणजेच कॅमचा, एक संच अतिशय संथपणे फिरवते. चकत्यांच्या कडांवर धातूच्या लवचिक पट्ट्या टेकलेल्या असतात. कडेचा उंचवटा आला की पट्टी उचलली जाते, खाच आली की ती खाली बसते, आणि त्याप्रमाणे पट्ट्यांच्या टोकांवरील कॉन्टॅक्ट जुळतात किंवा सुटतात. एक जोडी ड्रमच्या मोटरला वीज देते, दुसरी हीटरला, तिसरी शेवटी वाजणाऱ्या बझरला, आणि आणखी एखादी जोडी खुद्द टायमरच्या मोटरला. चक्राच्या शेवटच्या काही मिनिटांत हीटरची जोडी मुद्दाम सुटी केलेली असते आणि ड्रम मात्र फिरत राहतो, जेणेकरून गरम कपडे एका जागी पडून चुरगळू नयेत. तेव्हा अखेरीस येणारी गार हवा हा बिघाड नव्हे.

बहुतेक नॉबवर दोन प्रकारचे पट्टे असतात: एक ठरावीक मिनिटांचा आणि दुसरा ‘ऑटो’चा. या दोहोंतील फरक नीट समजला तर निम्मी तपासणी बसल्या जागी होते. मिनिटांच्या पट्ट्यात टायमरच्या मोटरला सलग वीज मिळते आणि नॉब एकसारखा सरकत राहतो. ऑटो पट्ट्यात मात्र, साध्या रचनेच्या अनेक यंत्रांत, टायमरची मोटर थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमानानुसार आपोआप जुळणाऱ्या-सुटणाऱ्या स्विचच्या, दोन टोकांना समांतर जोडलेली असते. कपडे ओले असताना ड्रममधून बाहेर पडणारी हवा थंड असते, थर्मोस्टॅट जोडलेला राहतो, हीटर तापत राहतो, आणि टायमरच्या मोटरच्या दोन्ही टोकांना विजेचा एकच दाब (व्होल्टेज) असल्यामुळे ती निश्चल उभी राहते. कपडे वाळू लागले की बाहेर पडणारी हवा तापते आणि साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास थर्मोस्टॅट सुटतो. आता विजेला एकच वाट उरते: टायमरच्या मोटरमधून हीटरच्या कॉइलकडे. कॉइलचा रोध काही दहा ओहम आणि मोटरचा काही हजार ओहम असल्यामुळे जवळजवळ सगळा दाब मोटरच्या वाट्याला येतो. हीटर तापत नाही आणि टायमर पुढे सरकतो. हवा थंड झाली की थर्मोस्टॅट पुन्हा जुळतो आणि टायमर पुन्हा थांबतो.

यावरून तीन निष्कर्ष सरळ निघतात. ऑटो पट्ट्यात ओल्या कपड्यांवर नॉब बराच वेळ एकाच जागी थांबणे हे त्याचे कामच आहे. हीटरची कॉइल तुटली असेल तर ऑटो पट्ट्यात टायमरच्या मोटरची वाटच खुंटते, त्यामुळे ड्रम गार हवेवर अखंड फिरत राहतो आणि पाहणाऱ्याला टायमर अडकल्याचा भास होतो. तिसरा निष्कर्ष सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. हवेची नळी तुंबलेली किंवा भिंतीमागे चेपलेली असेल, तर हीटरच्या पेटीत उष्णता कोंडते आणि तेथील सुरक्षा थर्मोस्टॅट वारंवार हीटर तोडतो. पण बाहेर पडणारी हवा पुरेशी तापत नाही, म्हणून मुख्य थर्मोस्टॅट सुटत नाही आणि टायमर सरकत नाही. अशा यंत्राला नवा टायमर बसवला तरी तोही तसाच उभा राहील.

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी

पहिली परीक्षा पेन्सिलीने होते. नॉब मिनिटांच्या पट्ट्यात ६० वर ठेवावा, त्याच्या कडेशी पत्र्यावर पेन्सिलीची बारीक रेघ ओढावी, काही दमट टॉवेल टाकून यंत्र सुरू करावे आणि घड्याळात वेळ पाहावी. नंतर हीच परीक्षा ऑटो पट्ट्यात घ्यावी. मिनिटांच्या पट्ट्यात नॉब बरोबर सरकतो पण ऑटोमध्ये सरकत नाही, असे आढळले तर टायमरची मोटर आणि गिअर शाबूत आहेत. हीटर, थर्मोस्टॅट आणि हवेचा मार्ग तपासावा. दोन्ही पट्ट्यांत नॉब हलत नसेल, आणि ड्रम मात्र फिरत असेल, तर टायमरवरील संशयाला आधार आहे. कधी नॉब सरकतो, कधी अडतो आणि हाताने किंचित ढकलल्यावर पुन्हा चालू लागतो. हे बहुधा आतल्या गिअरचा एखादा दात झिजल्याचे किंवा मोडल्याचे लक्षण असते.

नॉबही ओढून पाहावा. प्लॅस्टिकच्या नॉबच्या आतल्या भोकाला एक सपाट बाजू असते आणि ती दांड्याच्या इंग्रजी ‘डी’ आकाराशी जुळते. भोकाला तडा गेला किंवा त्यातील धातूची छोटी क्लिप निसटून पडली, की नॉब फिरतो पण दांडा फिरत नाही. अशा वेळी नवा नॉब पुरतो.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर टायमरचा क्रमांक बराच खालचा लागतो. आधी सॉकेटमध्ये वीज आहे का ते दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. मग दार बंद करताना स्विचचा ‘टक्’ आवाज येतो का ते ऐकावे. त्यानंतर थर्मल फ्यूजचा विचार करावा. ड्रम फिरतो पण उष्णता येत नाही, या तक्रारीतही हीटर, थर्मल फ्यूज आणि थर्मोस्टॅट यांची पाळी आधी येते. उत्तर अमेरिकेत विजेवरच्या ड्रायरला १२० व्होल्टच्या दोन तारांमधून मिळून २४० व्होल्ट दिले जातात. तेथे ड्रमची मोटर एका तारेवर चालते आणि हीटरला दोन्ही तारा लागतात, त्यामुळे ब्रेकरची एक बाजू पडली की ड्रम नेहमीसारखा फिरतो आणि हीटर मात्र थंड राहतो.

याउलट काही लक्षणे टायमरकडेच बोट दाखवतात. नॉब ‘बंद’ खुणेवर असताना सुरू करण्याचे बटण दाबल्यावर ड्रम फिरू लागला, तर ड्रमच्या मोटरचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून बसले आहेत असे समजावे. केवळ हवेच्या, म्हणजे उष्णतेविना फिरण्याच्या खुणेवर ठेवूनही हवा गरम येत असेल, तर हीटरचे कॉन्टॅक्ट चिकटले असण्याची शक्यता मोठी आहे. तथापि हीटरची कॉइल सैल पडून पत्र्याला टेकली तरी काही यंत्रांत हेच दिसते, म्हणून दोन्ही तपासावे. असे यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये आणि त्याचा प्लग काढून ठेवावा.

मीटरने तपासणी

प्लग सॉकेटमधून काढल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये. भिंतीवरचा स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडत असेल तर यंत्रात वीज राहते. यंत्र गॅसवर चालणारे असेल आणि ते जागचे सरकवावे लागणार असेल, तर गॅसचा खटका आधी बंद करावा. ड्रमच्या मोटरला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, जोडलेला असल्यास प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्याच्या टोकांना हात लावू नये. पत्र्याच्या कापलेल्या कडा फार धारदार असतात, तेव्हा हातमोजे घालणे हे सोपस्कार म्हणून सांगितलेले नाही. वीज चालू ठेवून व्होल्टेज मोजण्याची पद्धत जाणकार कारागीर वापरतात, पण येथे दिलेल्या सर्व परीक्षा वीज तोडून होतात आणि घरगुती दुरुस्तीला त्या पुरतात.

सामान फार लागत नाही: मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, नट फिरवण्याचा ड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, चिकटपट्टी आणि फोटो काढण्यासाठी मोबाईल. टायमरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग यंत्राच्या बांधणीवर अवलंबून असतो. वरच्या बाजूला उभा फलक असलेल्या यंत्रांत फलकाच्या दोन टोकांचे स्क्रू काढले की तो पुढे किंवा मागे कलतो. हे स्क्रू पुष्कळदा प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली दडलेले असतात. सपाट माथ्याच्या यंत्रांत मागचे दोन स्क्रू काढून वरचे झाकण मागे सरकवून उचलावे लागते आणि टायमर समोरच्या पट्टीच्या पाठीमागे दिसतो. त्या पोकळीत किंवा मागच्या पत्र्याच्या आतील बाजूस जोडणीचा नकाशा चिकटवलेला अथवा घडी करून ठेवलेला असतो. तो सापडला तर पुढचे काम निम्मे सोपे होते, कारण टायमरच्या कोणत्या स्थितीत कोणती जोडी जुळलेली असावी याचा तक्ता त्यावर काळ्या पट्ट्यांच्या रूपात छापलेला असतो.

प्रथम डोळ्यांनी पाहावे. टर्मिनलजवळचे प्लॅस्टिक वितळले आहे का, वायरचे आवरण तपकिरी किंवा कडक झाले आहे का, जळका वास येतो का, हे मीटरपेक्षा लवकर कळते. असा डाग जवळजवळ नेहमी हीटरच्या टर्मिनलवर असतो आणि त्यामागे साधे गणित आहे. २३० व्होल्टवर २,३०० वॅटचा हीटर १० अँपिअर प्रवाह घेतो; कॉन्टॅक्ट काजळून तेथे केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी त्या इवल्याशा जागी सुमारे ५० वॅट उष्णता सतत तयार होत राहते. २४० व्होल्टवर ५,४०० वॅटचा हीटर असलेल्या यंत्रात प्रवाह २२.५ अँपिअर असतो, आणि तेवढ्याच रोधापाशी २५० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. प्लॅस्टिक वितळण्यास याहून जास्त काही लागत नाही.

आता मोटरची परीक्षा. टायमरच्या पाठीवरील गोल, चपट्या मोटरला दोन बारीक वायर जातात. त्यांपैकी किमान एक टर्मिनलवरून काढावी, कारण ती जोडलेली राहिल्यास मीटर इतर भागांतून फिरून येणारा रोध दाखवतो आणि वाचन फसवे ठरते. मीटर ओहमवर ठेवून मोटरची दोन टोके मोजावीत. १२० व्होल्टच्या मोटरवर साधारण दोन ते तीन हजार ओहम आणि त्याहून जास्त व्होल्टच्या मोटरवर याहून पुष्कळ अधिक रोध दिसतो. रोध अनंत दिसला तर आतले वेटोळे तुटलेले आहे. रोध योग्य दिसला म्हणजे मोटर निर्दोष आहे असे मात्र ठरत नाही. वेटोळे शाबूत असूनही गिअर मोडलेला असू शकतो आणि त्याचा निवाडा पेन्सिलीच्या परीक्षेनेच होतो.

कॉन्टॅक्टच्या परीक्षेत थोडा धीर लागतो. प्रथम मीटरच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहावा, तो ०.१ ते ०.३ ओहम असतो आणि पुढील वाचनातून वजा करावा. नकाशावरून हीटरच्या जोडीची दोन टर्मिनले शोधावीत. प्रत्येक टर्मिनलशेजारी अक्षरे किंवा आकडे कोरलेले असतात आणि तेच नकाशावर छापलेले असतात. त्या दोन टर्मिनलांवरील वायर, एका वेळी एकच जोडी, काढून कांड्या तेथे लावाव्यात आणि नॉब सावकाश फिरवत पूर्ण चक्कर पुरी करावी. वाळवण्याच्या पट्ट्यात वाचन शून्याच्या अगदी जवळ आले पाहिजे, आणि गार हवेच्या टप्प्यात व ‘बंद’ खुणेवर ते अनंत झाले पाहिजे. ‘बंद’वरही जोडणी दिसली तर कॉन्टॅक्ट चिकटले आहेत, वाळवण्याच्या पट्ट्यात वाचन तुटक येत असेल, एक-दोन ओहमवर रेंगाळत असेल किंवा नॉबला हलका धक्का दिल्यावर बदलत असेल, तर कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झाले आहेत. ड्रमच्या मोटरची जोडीही याच रीतीने तपासावी. जुने अनेक टायमर केवळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवण्यासाठी बनवलेले असतात. त्यांना उलटे फिरवल्यास आतल्या पट्ट्या वाकतात, तेव्हा चाचणी घेतानाही हा नियम मोडू नये.

टायमर दोषी ठरला तरी यंत्र उघडेच आहे म्हणून इतर भागांवरही मीटर टेकवून घ्यावा. कॉइलचा रोध व्होल्टच्या वर्गाला वॅटने भागून काढता येतो: २३० व्होल्ट आणि २,३०० वॅटला तो २३ ओहम, तर २४० व्होल्ट आणि ५,४०० वॅटला सुमारे १०.७ ओहम येतो. कॉइलचे टोक आणि पत्रा यांच्यात मात्र कोणतीही जोडणी दिसता कामा नये. थर्मल फ्यूज थंड असताना जोडलेला दिसला पाहिजे. तो एकदाच काम करतो आणि उडाल्यावर पुन्हा जुळत नाही. तो उडालेला आढळला तर उष्णता का कोंडली ते शोधावे. त्याच्या दोन वायर एकत्र जोडून यंत्र चालवणे म्हणजे आगीपासून वाचवणारा अखेरचा अडसर काढून टाकणे होय.

योग्य टायमर मिळवणे

दिसायला हुबेहूब असलेल्या दोन टायमरांच्या आतील चकत्यांचा आराखडा वेगळा असू शकतो, म्हणून रंग, आकार किंवा टर्मिनलांची संख्या यांवरून खरेदी करू नये. दाराच्या चौकटीवर अथवा यंत्राच्या पाठीवर असलेल्या पट्टीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, लिहून घ्यावा आणि त्याच्या जोडीला टायमरवर छापलेला क्रमांकही. कंपनी जुना क्रमांक बंद करून त्याच भागाला नवा क्रमांक देते, त्यामुळे दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तरी लगेच चुकीचा भाग आला असे मानू नये. विक्रेत्याने नवा क्रमांक जुन्याच्या जागी चालतो असे लेखी दिलेले असावे.

टायमरवरील व्होल्ट आणि हर्ट्‌झ न विसरता पाहावेत. ६० हर्ट्‌झसाठी बनवलेला टायमर ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर लावला तर मोटर त्या प्रमाणात हळू फिरते आणि ६० मिनिटांचे चक्र ७२ मिनिटे चालते. व्होल्ट चुकले तर मोटर जळते किंवा सुरूच होत नाही.

टायमर खोलून कॉन्टॅक्ट घासून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते तो आवरावा. कॉन्टॅक्टवरील चांदीमिश्रित थर पातळ असतो आणि घासल्याने तो आणखी कमी होतो. शिवाय कवच उघडताच चकत्या आणि पट्ट्या जागा सोडतात व पूर्वीच्या क्रमाने बसवणे कठीण जाते. सुटा भाग बनवणेच बंद झाले असेल तर जुने टायमर पुन्हा बांधून देणाऱ्या कारागिराकडे तो सोपवणे बरे.

टायमर बदलणे

प्लग काढलेला आहे याची पुन्हा खातरजमा करून नॉब ‘बंद’वर आणावा आणि सरळ ओढून काढावा. घट्ट बसला असेल तर त्यामागून जाड कापडाची पट्टी घालून दोन्ही टोके धरून ओढावी. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यास फलकावर ओरखडे पडतात. नॉबमागे अंकांची वेगळी तबकडी असल्यास तीही काढावी आणि तिची क्लिप हरवू देऊ नये. आता वायरांचे फोटो काढावेत: एक दुरून, ज्यात सगळा टायमर दिसेल, आणि दोन-तीन जवळून, ज्यात वायरचे रंग आणि टर्मिनलची अक्षरे स्पष्ट वाचता येतील. एकाच रंगाच्या दोन वायर असल्यास त्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून टर्मिनलचे अक्षर लिहावे.

टायमर बहुधा दोन स्क्रूंनी, किंवा एक स्क्रू आणि एका खाचेने, पत्र्याला धरलेला असतो. तो सुटा केल्यावरही वायर लगेच काढू नयेत. नवा टायमर जुन्याच्या अगदी शेजारी, त्याच दिशेने तोंड करून धरावा आणि एक वायर जुन्यावरून काढून लगेच नव्याच्या त्याच अक्षराच्या टर्मिनलवर चढवावी. ती बसल्यावरच पुढच्या वायरला हात घालावा. सगळ्या वायर एका मोठ्या ठोकळ्यात एकत्र असतील तर काम एका ओढीत होते, पण ठोकळ्याची कडी आधी दाबावी. सुट्या वायर काढताना पकडीने धातूची टोपी धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवत ओढावे. वायर धरून ओढली तर ती टोपीच्या मुळाशी तुटते, आणि पुष्कळदा आतल्या आत तुटल्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

प्रत्येक टोपी नव्या टर्मिनलवर चढताना विरोध जाणवला पाहिजे. सैल वाटली तर तिच्या कडा पकडीने किंचित दाबून घ्याव्यात, कारण सैल जोड म्हणजे पुन्हा तोच रोध आणि तीच उष्णता. एखादी टोपी काळवंडलेली असेल तर ती नव्या टायमरवर मुळीच चढवू नये: वायरचा जळका भाग तांबे स्वच्छ आणि चमकदार दिसेपर्यंत कापावा आणि तितक्याच जाडीच्या वायरसाठी असलेली, उच्च तापमान सोसणारी नवी टोपी क्रिंपिंग पकडीने दाबून बसवावी. तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याचा उपाय हीटरच्या वायरवर टिकत नाही.

टायमर स्क्रूंनी घट्ट केल्यावर वायरांचा जुडगा पूर्वीच्याच वाटेने बसवावा आणि फलक मिटताना कोणतीही वायर पत्र्याच्या कडेखाली चेपली जात नाही, हे बोट फिरवून पाहावे. अर्थिंगची हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर आणि तिचा स्क्रू मूळ जागी परत गेलेच पाहिजेत. यंत्र उघडलेच आहे, तर मोटरभोवती आणि नळीच्या तोंडाशी साचलेले तंतू काढून घ्यावेत.

पहिली चालवणी

प्लग लावण्यापूर्वी मीटरची एक कांडी प्लगच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरी पाळीपाळीने उरलेल्या पिनांवर टेकवावी आणि या वेळी टायमर वाळवण्याच्या पट्ट्यात ठेवावा; कोठेही जोडणी दिसली तर फलक पुन्हा उघडून चेपलेली वायर शोधावी. मात्र उत्तर अमेरिकेतील तीन पिनांच्या जुन्या जोडणीत न्यूट्रल आणि यंत्राचा पत्रा मुळातच जोडलेले असतात. तेथे कांडी पत्र्यावर ठेवून केवळ फेजच्या दोन पिना तपासाव्यात. जोडणी दिसली नाही तर टायमर ‘बंद’वर आणून प्लग लावावा. सुरू करण्याचे बटण दाबून ड्रम फिरत नाही याची खात्री करावी, मग उष्णतेविना फिरवून हवा गार येते का पाहावी, आणि शेवटी मिनिटांच्या छोट्या पट्ट्यात उष्णता येते का व वेळ संपताच ड्रम आपोआप थांबतो का, हे घड्याळ लावून पाहावे. पहिले पूर्ण चक्र यंत्राजवळ थांबूनच होऊ द्यावे. जळका वास आला किंवा नॉबभोवतीचा भाग हाताला चटका बसेल इतका तापला तर प्लग काढून जोड पुन्हा तपासावेत. ऑटो पट्ट्याची परीक्षा मात्र खऱ्या ओल्या कपड्यांवरच घ्यावी, कारण रिकाम्या ड्रममध्ये हवा लवकर तापते आणि टायमर अवाजवी वेगाने पुढे जातो.

दोन टबांच्या यंत्राचा पिळण्याचा टायमर

अर्धस्वयंचलित धुलाई यंत्राच्या ज्या टबात कपडे जोरात फिरून पाणी झटकतात, त्यालाही सर्रास ड्रायर म्हटले जाते, म्हणून त्याच्या टायमरविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. हा बहुधा पाच मिनिटांपर्यंतचा, किल्लीच्या गजराच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालणारा टायमर असतो. त्यात विजेची मोटर नसते आणि हीटरही नसल्यामुळे ऑटोचा गुंता उद्भवत नाही. त्याचे कॉन्टॅक्ट झाकणाच्या स्विचशी एकाच मालिकेत जोडलेले असतात. मोटर गुणगुणते पण टब फिरत नाही, अशी तक्रार असेल तर टायमर वीज देतो आहे. कपॅसिटर किंवा ब्रेक तपासावा. काहीच आवाज येत नसेल तर प्लग काढून आधी झाकणाचा स्विच आणि मग टायमर मीटरवर घ्यावा: किल्ली दिलेली असताना जोडणी दिसली पाहिजे आणि नॉब शून्यावर येताच ती तुटली पाहिजे. नॉब फिरवल्यावर टिकटिक ऐकू येत नसेल किंवा तो मध्येच थबकत असेल, तर आतली स्प्रिंग अथवा गिअर गेला आहे. वायर मोजक्याच असल्यामुळे बदलणे वेळखाऊ नाही. मात्र या टायमरवर ओले हात आणि टबातले शिंतोडे नेहमी पडत असतात, तेव्हा जुन्या टायमरवर प्लॅस्टिकचे आवरण किंवा दांड्याभोवती रबरी वायसर असेल तर ते नव्यावर चढवल्याशिवाय फलक मिटू नये.